तिसरा आकडा बदलला, म्हणजे नेमकं काय बदललं?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. नोकरी देवळालीला, शाळामास्तराची. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर ते जगभर पोहोचलं. पायथन शिकणाऱ्यासाठी हा सराव फार सोयीचा आहे. त्यात लूप आहे, अंकांची उलटसुलट मांडणी आहे, आणि संख्येची स्ट्रिंग करून परत संख्या बनवणं आहे. डहाणू-तलासरीच्या मुलांनी तर तो गाववाल्याचं गणित म्हणून करावा.

संख्येची स्ट्रिंग करण्याच्या याच साध्या कामात सप्टेंबर २०२२ मधल्या पायथनच्या एका देखभाल-अपडेटने हात घातला. अशा अपडेटबद्दल जे समज पसरलेले असतात, ते तपासायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

‘३.१० ही आवृत्ती ३.९ पेक्षा जुनी आहे’

शाळेतला दशांश अपूर्णांक इथे लावायचा नाही. आवृत्तीच्या क्रमांकात टिंबाने वेगळे केलेले तीन स्वतंत्र आकडे असतात. ३.१० म्हणजे तिसऱ्या मालिकेतली दहा क्रमांकाची, अर्थात ३.९ च्या नंतरची. दुसरा आकडा वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुमारास वाढतो आणि त्यासोबत नव्या सोयी येतात. तिसरा आकडा देखभालीचा. ३.१०.६ वरून ३.१०.७ वर गेलात तर विंडोजवर जुन्याच फोल्डरमध्ये नवी प्रत बसते आणि पिपने घातलेली पॅकेजेस जागेवर राहतात. ३.११ मात्र शेजारी वेगळं घर करतं आणि तिथे पॅकेजेस पुन्हा घालावी लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

‘तिसरा आकडा बदलला तर आपल्या प्रोग्रॅमला धक्का लागत नाही’

बहुतेक वेळा खरं. २०२२ च्या त्या सप्टेंबरात खरं ठरलं नाही.

कॉम्प्युटर संख्या द्विमान पद्धतीने साठवतो, आपल्याला ती दशमानात वाचायची असते. पायथनमध्ये पूर्णांकाच्या लांबीला मर्यादा नाही, त्यामुळे हजारो, लाखो अंकी संख्याही चालते. पण एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याची रीत अशी होती, की अंक दुप्पट झाले की वेळ चौपट व्हायचा. पाच लाख अंकांची स्ट्रिंग वाचायला वेगवान प्रोसेसरलाही सेकंदाहून जास्त वेळ लागायचा. घरी बसून प्रयोग करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कुणी वय म्हणून लाखो अंकांची संख्या पाठवली, पुन्हा पुन्हा पाठवली, तर सर्व्हर तेवढंच दळत बसेल आणि बाकीचे ताटकळतील. सुरक्षेतल्या या त्रुटीला सीव्हीई-२०२०-१०७३५ असा क्रमांक आहे. क्रमांकात २०२० आहे आणि दुरुस्ती आली २०२२ मध्ये. मधला काळ जरा जास्तच झाला, असं म्हणायला हरकत नाही.

दुरुस्ती एकाच वेळी चार मालिकांत आली: ३.७.१४, ३.८.१४, ३.९.१४ आणि ३.१०.७. त्यानंतर ४३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या स्ट्रिंगमध्ये किंवा स्ट्रिंगमधून नेऊ पाहिली की पायथन नकार देतो, व्हॅल्यूएरर दाखवतो. देखभालीच्या अपडेटमध्ये चालू वागणूक बदलायची नाही असा एरवीचा शिरस्ता. सुरक्षेसाठी तो इथे जाणूनबुजून बाजूला ठेवला गेला. गणिताची मंडळी नाराज झाली, आणि माझ्या मते त्यांची नाराजी रास्त होती. पण उघड्या सर्व्हरचा विचार केला तर निर्णयही समजण्याजोगा आहे.

४३०० हाच आकडा का? त्यात गणिती गूढ काही नाही. एवढ्या अंकांना आजच्या मशीनवर नगण्य वेळ लागतो. आणि नमपाय या लोकप्रिय लायब्ररीच्या तेव्हा वापरात असलेल्या चाचण्या या मर्यादेत पास होत होत्या. पायथनच्या सोर्स कोडमध्ये हे कारण सरळ लिहून ठेवलं आहे.

आता कापरेकरांचंच दुसरं काम घ्या, डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. असे एकच एक मांडत वर्ग छापत जाणारा प्रोग्रॅम लिहा. २१५० एकांच्या संख्येचा वर्ग ४२९९ अंकी असतो, तो छापला जातो. २१५१ एकांचा वर्ग ४३०१ अंकी होतो, आणि तिथे प्रोग्रॅम थांबतो. जुन्या आवृत्तीवर तोच प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. एक अक्षरही न बदलता.

‘म्हणजे पायथनला आता मोठ्या संख्या झेपत नाहीत’

झेपतात. बेरीज, गुणाकार, घात यांवर कसलंही बंधन आलेलं नाही. २ चा २०,००० वा घात ६०२१ अंकी असतो. तो क्षणात काढून होतो, तुलना होते, भागाकारही होतो. अडतं ते दशमानात छापताना. षोडशमान किंवा द्विमानात छापलात तर तीही आडकाठी नाही, कारण दोनच्या घातांवर आधारलेल्या पद्धतींत रूपांतर स्वस्त पडतं. अंकांची बेरीजच हवी असेल तर दर वेळी दहाने भागून बाकी उचलत जा, स्ट्रिंगची गरजच पडत नाही. आणि छापायचंच असेल तर सिस मॉड्यूलमध्ये मर्यादा बदलणारं फंक्शन आहे. त्याला शून्य दिलं की मर्यादा उठते. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल उठवा. लोकांकडून इनपुट घेणाऱ्या सर्व्हरवर मात्र हात आवरा. ऑक्टोबर २०२३ मधल्या ३.१२ मध्ये प्रचंड संख्यांसाठी रूपांतराची जास्त वेगवान रीत आली, तरी मर्यादा कायम आहे.

‘अपडेट केल्यावर ६१७४ येईनासं झालं’

चार अंकांना ४३०० चं कुंपण कुठून लागणार! दोष जवळपास नेहमी पुढच्या शून्याचा असतो. २१११ घ्या: २१११ वजा १११२ बरोबर ९९९. कापरेकरांच्या रीतीत ते ०९९९ असतं. स्ट्रिंग करताना पायथन पुढचं शून्य ठेवत नाही, म्हणून पुढच्या पायरीला ९९९ वजा ९९९ होऊन हातात शून्य येतं. हे पहिल्यापासूनच असं आहे. स्ट्रिंग चार अंकांपर्यंत शून्यांनी भरून घ्या: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पाचव्या पायरीला काम फत्ते.

‘लॅबमध्ये चालतो, घरी चालत नाही, घरचा कॉम्प्युटर बिघडला’

डेम्लोच्या प्रोग्रॅमबाबत असं खरोखर घडू शकतं, आणि त्यात कॉम्प्युटर निर्दोष असतो. पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही. म्हणून लॅबमधली विंडोज ७ ची मशीन्स ३.८ वर अडकतात, आणि त्या मालिकेची तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती मे २०२१ ची ३.८.१० आहे. ती मर्यादेच्या आधीची. घरच्या नव्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती, म्हणून तिथे मर्यादा आड येते.

मग ३.८.१४ का घातली नाही? कारण मालिका जुनी झाली की तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात आणि त्या सोर्स कोडच्याच रूपात येतात. डाउनलोडच्या यादीत विंडोजची फाइल नसते. ती ‘अर्धवट’ किंवा ‘बनावट’ आवृत्ती नव्हे. ३.१० चंही हेच झालं: एप्रिल २०२३ ची ३.१०.११ ही इन्स्टॉलरसह आलेली शेवटची.

लिनक्सवर आणखी एक मेख आहे. वितरण तयार करणारे कधीकधी सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीला लावतात आणि क्रमांक तसाच ठेवतात. म्हणून नुसता क्रमांक वाचून निकाल लावू नका. सिस मॉड्यूलमध्ये मर्यादा बदलणारं ते फंक्शन आहे का, हे प्रोग्रॅमलाच विचारायला लावा. एका ओळीचं काम आहे. असेल तर मर्यादा लागू आहे, नसेल तर तुमचा पायथन त्या सप्टेंबरच्या अलीकडचा नाही.