पावसाची भीती मनात कशी बसते

२२ जुलै २०२१ रोजी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी कोसळल्या, सावित्री-गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. घरांचे, गुरांचे, दुकानांचे पंचनामे झाले. मनाला जे झाले ते पंचनाम्यात येत नाही. म्हणून ते कसे घडते, हे सावकाश समजून घेऊ.

आधी डोंगराकडे पाहू. इथे कातळावर झिजलेल्या दगडाचा मुरूम आणि त्यावर माती असते. संततधार लागली की पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जाते. तिथे निचरा झाला नाही तर पाण्याचा दाब वाढतो, वरचा थर जड होतो, कातळावरची त्याची पकड सुटते आणि अख्खी उतरण घसरते. सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरात २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि शेजारी अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एखादी दरड केवळ हवामानबदलाने पडली असे म्हणता येत नाही. उतारावरची खोदाई, रस्ते, तोडलेली झाडे यांचाही वाटा असतो. पण असे पाऊस वरचेवर येऊ लागले, ही गोष्ट खरी.

आता मनाकडे वळू. जिवावरच्या प्रसंगात मेंदूतला अमिग्डला हा भाग त्या क्षणाच्या खुणा पक्क्या धरून ठेवतो: पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, गेलेली वीज. पुढे त्यातली एक खूण जरी भेटली, तरी विचार करायच्या आत छाती धडधडते, पोटात गोळा येतो, झोप उडते. सुरुवातीच्या दिवसांत हे स्वाभाविकच असते आणि बहुतेकांचे हळूहळू निवळते. महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे येत राहिले, माणूस दचकत राहिला, कामात मन लागेना, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात.

शहरात एखाद्याला अपघाताचा रस्ता टाळता येतो. इथे टाळायचे काय? भाताची लावणी ऐन जुलैतच करायची. पाऊस लांबला तरी जीव टांगणीला, लागून राहिला तरी टांगणीला. शिवाय ही भीती एकदाच बसलेली नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातच दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी माणसे गाडली. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल धावत्या गाड्यांसकट गेला. एका पिढीने हे तीनही पाहिले आहे.

तळीयेत आणखी एक जखम आहे. शोधकार्य काही दिवसांनी थांबले, तेव्हा अनेकांचे मृतदेह मिळालेले नव्हते. ज्याला अग्नी दिला नाही त्याचे दिवस कसे करायचे? पिंडाला कावळा शिवला तरी मन शंका काढत राहते. अशा हरवण्याचा अभ्यास अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी आयुष्यभर केला. त्यांचे म्हणणे असे की मृत्यूची खात्री पटत नाही तेव्हा शोक गोठून राहतो. मदतीसाठी मात्र कागदावर ‘मृत’ असे आधी लिहून द्यावे लागते. मनाने न मानलेल्या गोष्टीवर सही करायची, याचा भार किती असेल ते आपण समजून घ्यायला हवे.

मुंबईत नोकरीला असलेल्यांचे दुःख वेगळे. फोन लागत नाही, घाट बंद, आणि नंतर आयुष्यभर ‘मी तिथे नव्हतो’ ही बोच.

मग पुढच्या पावसाळ्यात रेड अलर्ट येतो. म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता. हा इशारा जिल्ह्याला मिळतो, वाडीला नाही. पोलीस पाटील सांगतात, शाळेत चला. गुरे मागे राहतात, म्हणून घरातले कुणीतरी मागे राहते. डोंगर जागचा हलत नाही. लोक ओले कपडे घेऊन परततात. असे चार वेळा झाले की काही जण निघेनासे होतात, तर काहींना ढग दाटले तरी धाप लागते. दोन्ही एकाच थकव्याची रूपे आहेत.

उपचार काय? मानसिक प्रथमोपचाराची रीत सोपी आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. प्रसंग पुन्हापुन्हा सांगायला लावू नये; ‘देवाची मर्जी’ म्हणून तोंड बंदही करू नये. कुणी आधी देवऋषाकडे गेले तर त्याला हिणवू नये. सोबत आशाताईंनी झोपेची आणि भुकेची चौकशी करावी, आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य, रात्रीही बोलता येते. समुपदेशन आणि औषधे उपयोगी पडतात.

मात्र ही सगळी भीती आजार नव्हे. डोंगर खरोखर घसरतो, आणि धोक्याच्या उताराखाली झोपणाऱ्याला ‘घाबरू नका’ सांगणे हा अन्याय आहे. माझ्या मते सुरक्षित जागेवरचे पक्के घर हा उपचाराचा पहिला भाग आहे. तळीयेत म्हाडाकडून घरे बांधण्याचे काम हाती घेतले गेले, पण ती टप्प्याटप्प्याने मिळत गेली, आणि वाट पाहण्यातला प्रत्येक पावसाळा जुनी जखम उघडी करतो. घर मिळेपर्यंत निदान वाडीत पर्जन्यमापक असावा, गुरांसाठी निवारा असावा. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे या खुणा मे महिन्यातल्या ग्रामसभेत सगळ्यांना दाखवून द्याव्यात, आणि त्यातली एक जरी दिसली तर कुणी कुणाला उठवायचे हे तेव्हाच ठरवून ठेवावे.