मोडक्या धनुष्याचा वैद्य कोण?

बर्लिन येथील जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत ५ ऑगस्ट २०२३ रोजी साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेतेपद पटकाविले, आणि महाराष्ट्राच्या धनुर्विद्येला नवे तेज चढले. त्यांच्या हातातील धनुष्य म्हणजे कप्प्या आणि तारांनी सिद्ध केलेले एक यंत्रच होय. हळदीच्या मुलुखातील हट्टा हे गाव घ्या. वसमत तालुक्यातील या गावच्या शाळकरी मुलाला असे यंत्र एकदम कोठून मिळणार? त्याच्यासारख्यांचा आरंभ बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यानेच व्हायचा. देशातील स्पर्धांत अशा धनुष्यांसाठी ‘भारतीय फेरी’ हा स्वतंत्र प्रकारही ठेवण्यात आला, ही गोष्ट योग्यच झाली. परंतु धनुष्य देण्याची तजवीज झाली म्हणजे काम संपले, अशी जी समजूत दिसते ती मात्र घातक आहे.

लाकडी धनुष्य सजीवासारखे बदलते. मराठवाड्याच्या पावसाळी दमटपणात ते नरम पडते, वैशाखाच्या उन्हात ठिसूळ होते. एक बाहू ताठ राहतो, दुसरा अधिक वाकू लागतो. मग बाण कधी वर, कधी खाली जातो. मुलगा आपल्याच नेमाला दोष देतो. शिक्षकही बहुधा तेच करतात, आणि निवडीच्या दिवशी त्या मुलाचे नाव गळते. वस्तुतः दोष असतो त्या लाकडाचा.

हा दोष काढण्याची विद्या जुनी आहे आणि तिचे गणितही पक्के आहे. धनुष्य ताणले असता तिरंदाजाकडील बाजू, म्हणजे त्याचे पोट, दाबले जाते. बाहेरची पाठ ताणली जाते. म्हणून पाठीवरचे तंतू शक्यतो अखंड राखायचे आणि तासायचे ते पोटाकडून, हा पहिला नियम. बांबूच्या सालीलगत तंतू दाट असतात. ती साल पाठीवर ठेवली असता तिला हत्यार लावणे म्हणजे धनुष्याचा कणाच कापणे. दुसरी गोष्ट जाडीची. लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी एक दशांशाने कमी केली तर त्या जागचा ताठरपणा चतुर्थांशाहून अधिक घटतो. घाईने मारलेला रंध्याचा एक हात किती महाग पडतो, हे यावरून कळावे. काढलेले लाकूड परत चिकटविता येत नाही.

जाणता कारागीर धनुष्याची मूठ भिंतीतील खुंटीवर टेकवितो, दोरी वीतभर खाली ओढतो आणि दूर उभा राहून दोन्ही बाहूंचा बाक न्याहाळतो. पांढऱ्या चुन्याची भिंत असेल तर उत्तमच. जेथे बाहू बिजागरीसारखा मुडपतो त्या जागेला तो हात लावीत नाही. ताठ राहिलेल्या भागांवरून कानशीने, शेवटी काचेच्या तुकड्याने, भुकटीएवढे लाकूड काढतो, वीस-पंचवीस वेळा दोरी ओढून सोडतो आणि पुन्हा पाहतो. नवशिक्याची बुद्धी नेमकी उलट चालते: वाकलेली जागा दिसली की तिच्यावरच हत्यार पडते. दुरुस्त धनुष्याचा जोर पूर्वीहून थोडा कमी भरतो, हे मान्यच केले पाहिजे. दुबळ्या जागेच्या मापाने बाकीचे सारे हलके करावे लागते. पाठीवरचा एखादा तंतू उचलला असेल तर त्यात सरस भरून तागाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत. खिळा मारणे हा मात्र गुन्हाच. पोटावर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या तर ते लाकूड दाबाखाली चिरडले जात आहे असे समजावे आणि त्या धनुष्याला निवृत्त करावे. मुलाच्या तोंडासमोर ते मोडण्याची वाट पाहू नये.

आपल्या देशात या ज्ञानाची वाण कधीच नव्हती. कौटिल्याने ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची द्रव्ये सांगितली असून दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांबरोबर वेळूचाही उल्लेख केला आहे. सातपुड्यातील भिल्लांच्या कामठ्याला बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी लावण्याची रीत आहे, ती पाहिली म्हणजे दोन हजार वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे होते. आपल्या रानातील धामणीला निघंटूंनी धनुर्वृक्ष हे नाव दिले, ते तिच्या लवचिक लाकडामुळेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. ती आवश्यकच होती. पण धनुष्याचे रोजचे काम गेले, तशी ते नीट करणाऱ्या हातांची गरजही गेली.

हट्ट्याच्या मैदानावर ही गरज आता नव्या रूपाने उभी राहू शकते. तिरंदाजीची शिबिरे भरविणाऱ्यांनी नेम शिकविणाऱ्याबरोबर धनुष्य नीट करणाऱ्यालाही बोलवावे. नंदुरबारचा भिल्ल किंवा मेळघाटातील कोरकू कारागीर आठ दिवस येऊन राहिला आणि गावातील सुतार व बुरूड त्याच्याशेजारी बसले, तर खर्च तो किती? कानस, रंधा, सरस आणि दोरा यांपलीकडे सामग्री लागत नाही. कारागिराला मात्र पाहुणा म्हणून शाल-नारळ देऊन वाटेला लावू नये. प्रशिक्षकाइतके मानधन द्यावे, कारण निम्मे प्रशिक्षण त्याच्याच हातात आहे.

आणि तोवर शाळांनी एवढे तरी करावे: सराव संपताच दोरी उतरवावी, रिकामी दोरी बाणावाचून ओढून सोडण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये, आणि धनुष्ये पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीच्या कोपऱ्यात उभी न टेकविता सावलीतील भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवावीत.