विस्मयाची वाट कोठे जाते?

मोशेची गोष्ट आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. होरेब डोंगरापाशी तो सासऱ्याची मेंढरे राखीत असता त्याला एक झुडूप पेटलेले दिसले. ज्वाला तर उठत होत्या, पण झुडूप जळून खाक होत नव्हते. या कथेतील एका बारीक तपशिलाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हे नवल काय आहे ते पाहावे म्हणून मोशे आपली वाट सोडून वळला, आणि तो वळलेला पाहून मगच देवाने त्यास हाक मारली. तो तसाच मेंढरांमागून पुढे गेला असता तर? मनुष्याचे कुतूहल जागे होण्याची जणू देवही वाट पाहत होता.

त्या प्रसंगात तीन पायऱ्या आहेत. पहिली, थांबून पाहणे. दुसरी, पायांतील जोडे काढणे. कारण ती भूमी पवित्र होती. तिसरी, मिसरात दास्य भोगणाऱ्या बांधवांकडे जाणे. विस्मय, आदर आणि सेवा असा हा क्रम आहे. जिज्ञासा पहिल्या पायरीवरच थांबली तर ती नुसती भोचक चौकशी ठरते. आणि जोडे न काढता पुढे घुसली तर तिची हाव होते. संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात जिज्ञासेविषयी सावधगिरीची सूचना दिली आहे, ती याच अर्थाने. त्यांचा आक्षेप ज्ञानावर नव्हता. जे दिसेल त्यावर केवळ झडप घालणाऱ्या नजरेवर होता.

हे तत्त्व पारखून पाहण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या बालाघाट शहराला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे. तेथील काळा दगड पूर्वी कितीजणांच्या पायांखाली आला असेल! भूगर्भशास्त्रज्ञ लुइस ली फर्मर यांनी मात्र तो हाती घेऊन विचारले की, हा येथे आला कसा? भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मँगनीजबरोबर आढळणाऱ्या एका खडकास त्यांनी या प्रदेशातील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि जगाच्या शास्त्रीय कोशांत आमच्या रानातील माणसांचे नाव कायमचे कोरले गेले. आज शास्त्रज्ञ सांगतात की, कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटून हे खडक झाले. ज्या डोंगरांवर आज साल वृक्षांची वने उभी आहेत, तेथे एकेकाळी लाटा होत्या! हे ऐकून ज्याचे मन क्षणभर स्तब्ध होत नाही, त्याला त्या दगडाचा बाजारभाव तेवढा कळला. दगड कळला नाही.

दुसरे उदाहरण कान्ह्याच्या अरण्याचे. मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे वन एकेकाळी शिकारीसाठी प्रसिद्ध होते. वाघ पाहण्याची हौस तेव्हाही होती. पण ती बहुधा बंदुकीच्या नळीवरून पाहत असे. १९६३ साली जॉर्ज शॅलर हे प्राणिशास्त्रज्ञ येथे आले ते टिपणवही घेऊन. वाघ काय खातो, कोठे फिरतो, हरिणांचे कळप कसे वावरतात, याची त्यांनी महिनोन्‌महिने नोंद केली आणि १९६७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास या कुरणांतील बारशिंगा हे देखणे हरिण नष्ट होण्याच्या मार्गाला लागले होते. १९७० च्या गणनेत कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. ‘असे का?’ हा प्रश्न कोणीतरी धीराने विचारला म्हणूनच उपाय सापडला. बारशिंग्याची मादी आपले पाडस उंच गवतात दडवून ठेवते. गवत जाळले अथवा गुरांनी चरून टाकले, तर पाडसाला आसराच उरत नाही. कुरणे राखली गेली, काही बारशिंगे कुंपणात सुरक्षित ठेवण्यात आले, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. नीट पाहिल्याखेरीज जपता येत नाही, हा धडा त्या मुक्या प्राण्याने आपणांस दिला.

परंतु येथेच आम्हांस एक कठोर प्रश्नही विचारला पाहिजे. ही कुरणे मोकळी व्हावीत म्हणून अरण्यातील अनेक गावे उठविण्यात आली, आणि त्यांत बैगा व गोंड कुटुंबे होती. नांगर फिरविणे म्हणजे धरणीमातेचे वक्ष विदीर्ण करणे, असे मानणारी ही बैगा जमात. व्हेरिअर एल्विन यांनी मंडला जिल्ह्यात राहून तिच्याविषयी १९३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. हरिणाचे पाडस कोठे दडते याची जेवढ्या निगुतीने चौकशी झाली, तेवढ्या निगुतीने विस्थापित बैग्याचे मूल आज कोठे निजते याची चौकशी झाली काय? मोशेला झुडूप दाखविणाऱ्या देवाने शेवटी त्याला माणसांकडेच धाडले होते. जी जिज्ञासा दुःखी शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही, ती अर्ध्या वाटेतच थांबली असे समजावे.

प्रश्न विचारल्याने श्रद्धा ढळेल, अशी भीती काही भाविकांना वाटते. ती निराधार आहे. वनस्पती व प्राणी यांचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या संत आल्बर्ट यांना पोप बाराव्या पायस यांनी १९४१ साली निसर्गशास्त्रज्ञांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. मठाच्या बागेत वाटाणे पेरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे संन्यस्त धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हेही कॅथलिक धर्मगुरूच. निर्मात्यावर ज्याचा विश्वास आहे, त्याने त्याच्या निर्मितीकडे पाहण्यास का भ्यावे?

म्हणून मातापित्यांना आमची कळकळीची विनंती आहे. पावसाच्या तोंडावर झाडांवर काजवे चमकू लागले आणि मुलाने विचारले, “बाबा, हा जळत कसा नाही?” तर “गप्प बस, जेव आधी” असे म्हणून त्यास उडवून लावू नका. त्या लेकराने नकळत मोशेचाच प्रश्न विचारला आहे. हल्ली मोबाईलवर उत्तर क्षणात मिळते, हे खरे. पण मिळालेले उत्तर आणि उमजलेले नवल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी मुलाचा हात धरून अंगणात जा. दोघे मिळून उगे उभे राहा. उत्तर मागाहून शोधा. काजवा मुठीत चिरडू न देता पुन्हा सोडून द्यावयास शिकवा. हेच जोडे काढणे. आणि शेजारच्या ज्या घरात दिवा लागलेला नाही, तेथे काय अडले आहे हे विचारावयास त्याला बरोबर न्या. हीच तिसरी पायरी.

धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरे पाठ करवून घेणे आवश्यकच आहे. पण ज्या मुलाला स्वतःचा एकही प्रश्न पडत नाही, त्याच्या हाती आपण उत्तरे दिली तरी ती तो ठेवणार कोठे? पेटलेली झुडपे आजही वाटेवर आहेत. परमेश्वर आपल्या कुटुंबांना थांबून पाहणारे डोळे, आदराने वाकणारे मन आणि बांधवांकडे वळणारी पावले देवो.