पहिला पदार्थ मुलांच्या हातचा

दिल्लीत हिवाळा आला, की पाठोपाठ धुरकंही येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदूषणामुळे दिल्लीतल्या शाळांना हिवाळी सुट्टी वेळेआधीच, ९ ते १८ नोव्हेंबर अशी द्यावी लागली. पुढच्याच वर्षी १८ नोव्हेंबरपासून बहुतेक वर्ग ऑनलाइन भरले. अशा दिवसांत बाहेर खेळायला जाता येत नाही, खिडक्या बंद असतात आणि मुलांच्या हातात मोबाइल असतो. पण त्याच घरात अशी एक जागा आहे, जिथे मुलांना खरं काम देता येतं. ती म्हणजे स्वयंपाकघर.

मदत नको, जबाबदारी द्या

आपण मुलांना स्वयंपाकघरात बोलावतो ते बहुधा वरकामासाठी. हे दे, ते उचल, बाजूला हो. पाच मिनिटांत मूल कंटाळतं, कारण त्यात त्याचं स्वतःचं असं काहीच नसतं. त्याऐवजी एक छोटा पदार्थ पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. 'आजची कोशिंबीर तुझी' असं सांगा. मग काकडी निवडण्यापासून पानात वाढण्यापर्यंत सगळं त्यानेच करायचं. त्याने केली नाही, तर आज पानात कोशिंबीर नाही. आपल्या कामावर घरातल्यांचं जेवण अवलंबून आहे, हे एकदा कळलं की मूल आपोआप लक्ष देऊन काम करतं.

हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. मुलांनी हाताने उपयोगी काम करत शिकावं, अशी 'नई तालीम'ची कल्पना तिथे मांडली गेली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. आज आपल्या फ्लॅटमध्ये सूतकताई किंवा शेती जमणार नाही. स्वयंपाक मात्र रोजच होतो.

कोणत्या वयात काय?

३-४ वर्षे : भाजी धुणं, कोथिंबीर-मेथी निवडणं, मटार सोलणं. हिवाळ्यात दिल्लीच्या बाजारात मटारचे ढीग लागतात, ही संधी सोडू नका. फक्त मूल दाणे तोंडात टाकून पळत नाही ना, एवढं बघा.

५-६ वर्षे : उकडलेला बटाटा सोलणं, केळं बोथट सुरीने कापणं, दही फेटणं, कोशिंबीर कालवणं.

७-८ वर्षे : वाटी-चमच्याने मोजणं, कणीक मळणं, पोळी लाटणं, तुमच्यासमोर सुरीने काकडी चिरणं. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकत नाही. काकडी उभी अर्धी कापून सपाट बाजू खाली ठेवा आणि धरलेल्या हाताची बोटं आत दुमडायला शिकवा.

९-१० वर्षांनंतर : तुम्ही शेजारी उभे असताना गॅस लावणं, पोळी भाजणं, सोपी फोडणी करणं.

वय हा फक्त अंदाज आहे. तुमचं मूल किती सावध आहे, हे तुम्हालाच जास्त ठाऊक. आणि हो, हे सगळं मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे.

सुरुवात दडपे पोह्यांपासून

हवा खराब असताना बंद घरात तळण नकोच. दडपे पोहे त्यासाठी उत्तम. दिल्लीच्या दुकानात 'पतला पोहा' मागा.

चौघांसाठी पातळ पोहे ४ वाट्या, खवलेला ओला नारळ १ वाटी, बारीक चिरलेला कांदा १, अर्ध्या लिंबाचा रस, साखर १ चमचा, चवीपुरतं मीठ आणि कोथिंबीर घ्या. मुलाने पोहे चाळायचे, सगळं मोजून कालवायचं, वर नारळाचं पाणी शिंपडायचं, नीट दाबून झाकण ठेवायचं आणि त्यावर वजन ठेवायचं. १५ मिनिटांनी मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे आणि मिरचीची फोडणी तुम्ही द्या. मिरची चिरण्याचं कामही तुमच्याकडेच ठेवा.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'मधलं वाटी-चमच्याचं माप नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या अनेकांना उपयोगी पडलं. मुलांनाही तेच सोपं जातं. चौघांसाठी ४ वाट्या, तर सहा जणांसाठी किती? गणित असं सहज होतं.

शब्दही चाखू द्या

दिल्लीत वाढणारी मराठी मुलं शाळेत, खेळताना हिंदीच बोलतात. फोडणीला ती 'तडका' म्हणतात. पोहे दाबताना 'दडपणे' हा शब्द त्यांच्या हातांना कळतो. चिमूटभर, मूठभर, कालवणे, शिंपडणे, निवडणे हे शब्द पाठ करून घ्यायची गरज राहत नाही. गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉल लावा. मुलाने प्रश्न विचारावेत, आजीने सांगावं.

सुरक्षेचे नियम आधीच ठरवा

- मोठं माणूस नसताना गॅसला हात लावायचा नाही.
- कढईचा, पातेल्याचा दांडा आतल्या बाजूला वळवून ठेवायचा.
- सैल ओढणी, लोंबत्या बाह्या, मोकळे केस नकोत. हिवाळ्यात शाल, स्टोलही काढून ठेवा.
- भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. भाजणं मोठं असेल तर डॉक्टरांकडे न्या.
- सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर विजेच्या बटणांना हात लावू नका. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

सर्वात अवघड काम तुमचं

ते म्हणजे हात आवरणं. मूल काकडी जाडीभरडी चिरेल, पीठ सांडेल, कामाला दुप्पट वेळ लागेल. म्हणून ऑफिसची घाई असलेल्या सकाळी हा प्रयोग नको. शनिवार-रविवारची दुपार निवडा. मीठ जास्त पडलं, तर गुपचूप दुरुस्त करू नका. त्यालाच चव घ्यायला सांगा, 'आता काय करूया?' असं विचारा. दही किंवा काकडी वाढवायचं त्याचं त्याला सुचेल. ओटा पुसणं आणि भांडी सिंकमध्ये ठेवणं हाही पदार्थाचाच भाग, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी काही वर्षांनी हेच मूल शिकायला दुसऱ्या शहरात जाईल. रात्री दहाला भूक लागल्यावर ते फोनवर ऑर्डर करेल की चार वाट्या पोहे मोजेल, हे बऱ्याच अंशी आज त्याच्या हातात तुम्ही काय देता यावर ठरेल. या रविवारी एक पदार्थ देऊन बघा. आणि पानात वाढल्यावर पहिला घास तुम्ही घ्या.