अंधाराच्या दशकातले अभियंते

6 जून 2005 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. त्याला वीस वर्षं उलटून गेली. तेव्हा कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेली पिढी आज वरिष्ठांच्या खुर्चीत आहे. वितरणातल्या या वरिष्ठांना बैठकीत पहिल्यांदा थकबाकी विचारली जाते. रोहित्र कुठे जळालं, हे नंतर.

मंडळाच्या पहिल्या चार दशकांबद्दल, कोयना-चंद्रपूरबद्दल, एन्रॉनबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. विभाजनानंतरची भारनियमनाची वर्षं मात्र त्या अभियंत्यांसह विस्मरणात चालली आहेत.

तुटवडा निर्मितीतला होता, मोर्चा यायचा तो शाखा कार्यालयावर. जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधारही जास्त, असं भारनियमनाचं सूत्र होतं. त्यामुळे वेळच्या वेळी बिल भरणारा माणूस शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगायचा. हा अन्याय होता, आणि त्याच्या तोंडावर त्याचं समर्थन करायची पाळी पंचविशीतल्या अभियंत्यावर यायची.

तरीही या पेशाने माणसं घडवली ती त्याच वर्षांत. वारंवारिता 50 हर्ट्झच्या खाली घसरू लागली, की भार कमी करण्याचा निरोप यायचा. कुठला फीडर उघडायचा? एकावर रुग्णालय, दुसऱ्यावर गावाची पाणीपुरवठा योजना. संध्याकाळी गावाला दिव्यांपुरती एक फेज द्यायची आणि शेतीपंप बंद ठेवायचे, असा तोडगा निघाला. शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून त्या एका फेजवरही मोटारी चालवल्या. पिकं वाळत होती, त्यांना दोष कोण देणार? पण रोहित्रं जळू लागली. मग गावठाण आणि शेतीचे 11 केव्ही फीडरच वेगळे करण्यात आले.

हे काम चिकाटीचं होतं: शिवार पायी तुडवायचं, खांब मोजायचे, भाराचा हिशेब जुळवायचा. 2017 साली आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच वेगळ्या केलेल्या फीडरांवर उभी आहे. शेतीला दिवसा वीज मिळाल्याचा गौरव होतो, तेव्हा त्या अभियंत्यांचा उल्लेखही होत नाही.

पगार, बढती, निवृत्तीपर्यंतची शाश्वती हे सगळं या नोकरीत आजही आहे. हरवत चालला आहे तो जाळ्यावरचा हात. लाइनवर काम करणारी अनेक माणसं आता कंत्राटी आहेत. खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याचं पर्मिट घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत असतील, असं गृहीत धरता येत नाही, आणि तिथली चूक जिवावर बेतते. अभियंत्याला पुन्हा जाळ्याकडे वळवायचं, तर वसुलीसाठी वेगळी माणसं नेमावीत. सांगली-कराडच्या महाविद्यालयातून आलेल्या नव्या अभियंत्याच्या हाती थकबाकीदारांच्या यादीआधी त्याच्या फीडरचा नकाशा पडायला हवा.