सांबार, पालक आणि नाग नदीचे पाणी

पालेभाजीत लोह व जीवनसत्त्वे असतात, हे आपण सर्वच शाळेत शिकलो. त्याच पाल्यातून हगवण आणि विषमज्वरही घरात येऊ शकतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी नागपूरचे सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते. तिच्या काठच्या काही शेतांत हेच पाणी भाजीपाल्याला दिले जाते. शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग? सांडपाणी शुद्ध करणे हे शहराचे काम आहे. मैल्यातील ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला हे जीवाणू या पाण्यातून पानांवर बसतात. पालकाच्या सुरकुत्यांत, सांबाराच्या काड्यांत अडकलेले जंतू धुण्याने कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

चिलीची राजधानी सँटियागो येथे सांडपाण्यावर वाढलेल्या भाज्यांमुळे विषमज्वर वर्षानुवर्षे ठाण मांडून होता. १९९१ मध्ये शेजारच्या पेरूत कॉलरा आला, तेव्हा सरकारने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना असे पाणी देणे बंद केले. विषमज्वर झपाट्याने उतरला! श्रीमंत देशही सुटलेले नाहीत. २००६ साली अमेरिकेत पाकीटबंद पालकामुळे सुमारे २०० लोक आजारी पडले. २०११ साली जर्मनीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. आधी संशय काकडीवर गेला, पण कारण निघाले मोड आलेली मेथी.

आपली पालक-मेथी शिजवूनच खाल्ली जाते, हे आपले भाग्य. उकळीत हे जीवाणू मरतात. धोका आहे तो तर्री-पोह्यावर भुरभुरलेल्या सांबारात, कच्च्या पत्ताकोबीत, चटणीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी भोजनदान करणाऱ्या कार्यकर्त्यांनी सांबार पहाटेच चिरून ठेवू नये. चिरलेल्या ओल्या पाल्यात जंतू तासागणिक वाढतात. तो वाहत्या स्वच्छ पाण्यात धुऊन, भाजी उकळत असतानाच घालावा. मिठाच्या पाण्यावर फार विसंबू नये.

जुलाब लागल्यास लगेच जलसंजीवनी सुरू करावी. शौचातून रक्त पडत असेल, तर दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणून देऊ नये, डॉक्टरांकडे जावे. ई. कोलायच्या काही जातींचे विष लहान मुलांच्या मूत्रपिंडावर जाते. मुलाची लघवी कमी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नये.