बंबैया हिंदीचा मराठी कणा

“अपुन क्या अलिबाग से आयेला है?” मुंबईत कुणी अवाच्या सवा भाव सांगितला किंवा थाप मारली, की हा प्रश्न हमखास येतो. मला काय भोळा समजलास, एवढाच त्याचा अर्थ. पण तो अलिबागकरांना लागतो. २०१९ च्या सुरुवातीला तालुक्यातल्या एका रहिवाशाने या वाक्यप्रयोगावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, त्यात अपमान मानू नये, असं सांगून न्यायालयाने ती फेटाळली.

खटला संपला, तरी या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. ‘अपुन’मध्ये आपलं ‘आपण’ आहे आणि ‘आयेला है’ हे तर ‘आलेला आहे’चंच हिंदी रूप. अलिबागकराला वेड्यात काढणारं वाक्य अलिबागकराच्याच व्याकरणावर उभं आहे.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं, की आठ-नऊ किलोमीटरवर नागाव येतं. शनिवार-रविवारी इथला किनारा मुंबईकरांनी भरून जातो. कुणी गेटवेहून मांडव्याच्या बोटीने येतं, तर कुणी २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या रो-रोने थेट गाडीच घेऊन येतं. बनाना राइडचा दर, घोडागाडीची फेरी, वाडीतल्या खोलीचं भाडं, सगळं याच बंबैया, म्हणजे मुंबईच्या मिश्र हिंदीत ठरतं. घरी आगरी वळणाची मराठी बोलणाऱ्या पोरांना ती वेगळी शिकावी लागत नाही.

कारण साधं आहे. ‘इथेच’चं ‘इधरीच’ होतं, ‘शहाणा’चा ‘शाना’ आणि ‘बिनधास्त’चा ‘बिंदास’. खेळातला भिडू रस्त्यावर येऊन दोस्त होतो. ‘वाट लागणे’ तसंच्या तसं ‘वाट लगना’ बनतं. ‘टेन्शन नहीं लेने का’ या वाक्यामागे ‘टेन्शन घ्यायचं नाही’ स्पष्ट ऐकू येतं. उत्तरेकडची हिंदी ‘मैंने कहा’ म्हणते, मुंबई ‘मैं बोला’ म्हणून मोकळी होते. ‘मुझे’च्या जागी ‘मेरेको’ येतं आणि स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा काच सैल पडतो.

ही बोली चुकांमधून नाही, गरजेतून घडली. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकण आणि घाटावरून आलेले कामगार तिथे गुजराती, तेलुगू आणि उत्तर भारतीय माणसांच्या शेजारी उभे राहिले. गोदीतला हमाल, मुकादम, व्यापारी, खलाशी या सगळ्यांना एकमेकांचं बोलणं कळायला हवं होतं. अभ्यासक महादेव आपटे यांनी १९७४ मध्ये मुंबईच्या या हिंदी-उर्दूचं भाषाशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केलं.

भाषांच्या अशा मिसळणीचं याहून जुनं उदाहरण नागावच्या दक्षिणेलाच आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. पोर्तुगीज १७४० मध्ये हा मुलूख सोडून गेले, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून जन्मलेली बोली आजही बोलली जाते. बंबैया हिंदीतला ‘पगार’ही मुळात पोर्तुगीजच.

ही हिंदी देशभर पोचवली ती सिनेमाने. ‘अमर अकबर अँथनी’चे (१९७७) संवाद लिहिणारे कादर खान कामाठीपुऱ्यात वाढले होते, त्यामुळे अँथनीच्या तोंडी गल्लीची भाषा सहज आली. ‘रंगीला’तला (१९९५) काळ्या बाजारात तिकिटं विकणारा मुन्ना, ‘सत्या’तला (१९९८) भिकू म्हात्रे, ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मधली (२००३) मुन्ना-सर्किटची जोडी यांनी तिला वेगवेगळे चेहरे दिले. ‘लगे रहो मुन्नाभाई’ने (२००६) तर तिच्यातून गांधीविचार सांगितला. पुढे डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी ती स्वतःच्या गाण्यांत आणली आणि ‘गली बॉय’ने (२०१९) धारावीतल्या तरुणाच्या तोंडी ठेवली.

तरीही पडद्यावर ही भाषा बहुतेक वेळा गुंडाची, टपोरीची किंवा हसवणाऱ्या सोबत्याची राहिली. मच्छीबाजारात दिवसभर तिच्यात भाव करणारी कोळीण नायिका म्हणून क्वचितच दिसली. कष्टकऱ्याचा आवाज कवितेने मात्र नेमका पकडला. अरुण कोलटकरांनी पगार मागणाऱ्या एका माणसाची कविता याच हिंदीत लिहिली आणि तिचं इंग्रजी रूपही स्वतःच केलं.

बंबैया हिंदीच्या अभ्यासात मराठी माणसाने पुढाकार घ्यायला हवा, तोही लवकर. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरणी कामगार कोकणातल्या आपापल्या गावी परतले. साच्यावर उभं राहून ही भाषा शिकलेल्या त्या पिढीतले सर्वांत तरुणही आता साठी ओलांडलेले आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांचे शब्द आणि बोलण्याची ढब त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवणं गावोगावच्या महाविद्यालयांना आणि ग्रंथालयांना सहज जमण्यासारखं आहे. त्यासाठी एक मोबाइल आणि ओट्यावर बसून ऐकायला थोडा वेळ पुरेसा आहे.